कॅलिफोर्नियातली रायफल: फिनवाली एआर की मिनी-१४?

काढता येणारं मॅगझिन असलेल्या सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या) सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या) रायफलीवर पिस्टल ग्रिप, थंबहोल दस्ता, घडीचा किंवा लांबी बदलणारा दस्ता, फ्लॅश सप्रेसर (नळीच्या तोंडाची ज्वाळा कमी करणारा भाग) किंवा पुढची उभी मूठ यांपैकी एकही गोष्ट असली, की कॅलिफोर्नियात ती ‘असॉल्ट वेपन’ ठरते. २०१७ पासून ‘बुलेट बटन’चा (हत्याराच्या टोकाने दाबून मॅगझिन काढायच्या कळीचा) मार्गही बंद झाला. त्यामुळे .२२३ काडतुसाची रायफल घेणाऱ्यापुढे साधारण तीन पर्याय उरतात: मॅगझिन जखडलेली एआर (एआर-१५ धर्तीची रायफल), ‘फीचरलेस’ एआर (वरच्या यादीतलं काहीच नसलेली) आणि रुगर कंपनीची मिनी-१४. (एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा. संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे; वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही.)

जखडलेल्या मॅगझिनची एआर मी यादीतून लगेच काढेन. तिच्यावर पिस्टल ग्रिप आणि यादीतले बाकीचे भाग ठेवता येतात, एवढाच फायदा. दोन काडतुसं एकदम अडकली तर नेहमीचा उपाय म्हणजे मॅगझिन काढणं, आणि इथे ते निघतच नाही. वरचा भाग उघडून काढावं म्हटलं, तर बोल्ट मागे दस्त्यातल्या नळीत (बफर ट्यूबमध्ये) अडकलेला असतो, त्यामुळे रायफल उघडतही नाही. भरलेली, अडकलेली रायफल हातात घेऊन खटपट करत बसणं मला धोक्याचं वाटतं.

खरी निवड उरलेल्या दोघींत आहे.

फीचरलेस एआर अचूकतेत सरस आहे, याबद्दल वाद नाही. नळी मोकळी तरंगती ठेवणारा हँडगार्ड, स्कोपसाठी सलग रेल, स्वस्त आणि कुठेही मिळणारी दहा गोळ्यांची मॅगझिनं, हवा तो सुटा भाग. फ्लॅश सप्रेसरच्या जागी मझल ब्रेक (धक्का कमी करणारा भाग) आणि स्थिर दस्ता यांची सवय पटकन होते. फिन ग्रिपची मला झाली नाही. ग्रिपच्या मागे उभी पट्टी असते, त्यामुळे अंगठा पलीकडे वळत नाही, तो उजव्या बाजूलाच राहतो. सेफ्टीची दांडी मात्र डावीकडे. म्हणजे प्रत्येक वेळी पकड सोडायची किंवा डावा हात आणायचा. दोन्हीकडे दांडी असलेली, ४५ अंशांत फिरणारी सेफ्टी बसवली की त्रास बराच कमी होतो, पण रायफल खांद्याला घट्ट ओढून धरण्याचं काम तरीही तळव्यावर आणि मनगटावरच येतं. बेंचवर टेकवून मारताना हे जाणवत नाही. उभ्याने मारताना मनगट लवकर दुखतं. डावखुऱ्यांचं उलट आहे: त्यांचा अंगठा मुळातच दांडीच्या बाजूला राहतो, म्हणून त्यांनी माझं हे गाऱ्हाणं अर्धंच धरावं.

मिनी-१४ ला लाकडी किंवा सिंथेटिक, साधा शिकारी रायफलीचा दस्ता असतो. अंगठा नेहमीसारखा वळतो. सेफ्टी ट्रिगर गार्डच्या पुढच्या टोकाला आहे: पुढे ढकलली की फायर, मागे ओढली की सेफ. ते काम तर्जनी करते आणि पकड हलत नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

तिचे दोष लपवण्यासारखे नाहीत. नळी बारीक आहे. पहिल्या पाच गोळ्या नीट बसतात, तापली की गोळ्यांच्या भोकांचा गट पसरतो. शंभर यार्डांवर दोन इंचांच्या आसपास धरून चाला. २००५ नंतरच्या, सिरियल नंबर ५८० किंवा पुढच्या आकड्याने सुरू होणाऱ्या रायफली जुन्यांपेक्षा बऱ्याच बऱ्या. वापरलेली घेताना हे आधी पाहा. मॅगझिन रुगरचंच घ्या. ते महाग आहे, पण स्वस्त नकलांमध्ये ओठांचा कोन चुकतो आणि काडतूस नळीच्या तोंडाशी अडतं. मॅगझिन सरळ वर ठोकायचं नाही: पुढचं टोक आधी अडकवायचं, मग मागचं वर ओढायचं.

रिकाम्या पुंगळ्या ती फार लांब फेकते, कारण बोल्ट मागे ढकलणारा गॅस गरजेपेक्षा जास्त येतो. पुंगळ्या गोळा करून पुन्हा भरणाऱ्यांनी लहान भोकाचं गॅस बुशिंग (गॅस मोजून सोडणारी छोटी नळी) बसवावं. फार लहान घेतलं तर कमजोर काडतुसावर बोल्ट पुरता मागे जात नाही, म्हणून एकदम टोकाचं घेऊ नका. गॅस ब्लॉक उघडताना बुशिंग घरंगळून पडतं, तिकडे लक्ष ठेवा. परत बसवताना चारही स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळा आणि दोन्ही बाजूंची फट सारखी आहे ना ते पाहा. ती तिरकी राहिली तर नळीवर एका बाजूने ताण येतो आणि गट आणखी पसरतो.

मॉडेल रँच घ्या. टॅक्टिकल मॉडेल फ्लॅश सप्रेसरसह येतं, तो इथे चालत नाही. आणि हौसेने घडीचा दस्ता लावलात तर मिनीसुद्धा त्याच कलमात सापडते. तीनशे यार्डांवर कागदाला भोकं पाडणं हाच मुख्य उद्देश असेल तर फिन सोसून एआर घ्यावी, असं मीही म्हणेन. दोनशे यार्डांच्या आत, उभ्याने किंवा गुडघ्यावर बसून मारणार असाल, तर दुकानात दोन्ही खांद्याला लावून नुसती सेफ्टी काढून-लावून पाहा.