प्रमुख कोण हवा: डॉक्टर, बँकर की नर्स?

अनेक देशांत आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेला नवा प्रमुख शोधायचा असला की विश्वस्तांच्या टेबलावर शेवटी तीनच प्रकारचे अर्ज उरतात: डॉक्टर, वित्त-व्यवस्थापनातला माणूस आणि एखादी नर्स. तिसरा बहुतेकदा मुलाखतीपर्यंत पोचतच नाही. पदव्या आणि अनुभवाची वर्षं अर्जात दिसतातच, ती इथे उगाळत नाही.

डॉक्टर आणि बँकर शेजारी ठेवून पाहायचे तर जिनिव्हाच्या ग्लोबल फंडाइतकं सोयीचं उदाहरण सापडणार नाही. एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी 2002 साली निघालेल्या या संस्थेने दोन्ही वापरून पाहिले आहेत. मिशेल काझाचकिन डॉक्टर. 2011च्या नोव्हेंबरात निधी अपुरा पडून अनुदानाची अकरावी फेरी रद्द झाली आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच कारभार गॅब्रिएल हारामिलो या बँकरकडे गेला. मग मार्क डायबुल, पुन्हा डॉक्टर. 2018 साली पीटर सँड्स, स्टँडर्ड चार्टर्ड बँकेचे माजी प्रमुख. त्यांच्या काळात 2019च्या ल्यों परिषदेत 14 अब्ज डॉलरची आश्वासनं मिळाली. पैसा उभा करायला बँकर बरा, एवढं यावरून म्हणता येईल. त्यापुढे मी जाणार नाही.

देणगी कोणत्या अटीवर आली आहे, कुठे अडकली आहे, डॉलर चढला तर औषधखरेदीत किती खड्डा पडेल, हे बँकरला शिकवावं लागत नाही. त्याची गोची तिमाही अहवालात आहे. साध्या क्षयरोगाचा नेहमीचा उपचार 6 महिन्यांचा. मार्चअखेर गोळ्या सुरू केलेल्याचं काय झालं, हे सप्टेंबरअखेरीपर्यंत कळत नाही. अहवालाला आकडा तर हवाच. मग ‘उपचार सुरू केलेले रुग्ण’ मोजले जातात आणि बरं वाटतंय म्हणून चौथ्या महिन्यात गोळ्या सोडणारा त्या आकड्यात सुखाने बसून राहतो. डॉक्टर असा आकडा पाहिल्याबरोबर परत पाठवेल.

पण डॉक्टर प्रमुखाचा एक त्रास असा आहे की माझा तराजू तिथेच झुकला. तो म्हणजे सही.

हिशेब करून पाहा. एका औषधाची महिन्याला 400 पाकिटं लागतात, माल यायला 4 महिने, राखीव साठा 2 महिन्यांचा. म्हणजे साठा 2,400वर आला की ऑर्डर सुटलीच पाहिजे. कागद सहीसाठी 6 आठवडे पडून राहिला तर तेवढ्यात 600 पाकिटं संपतात. उरली 1,800. माल येईपर्यंत आणखी 1,600 जातात. हाती 200, म्हणजे जेमतेम पंधरा दिवसांची. बंदरावर कस्टमने 3 आठवडे खाल्ले की कपाट रिकामं. सही आळसापायी राहत नाही. कंपनी कोणती, मात्रा कोणती, गोळी बदलावी का, असा प्रत्येक खरेदीचा विचार डॉक्टर समोर रुग्ण बसल्यासारखा करतो. रुग्णासाठी ते योग्यच आहे, 2,400 पाकिटांसाठी नाही.

सगळे डॉक्टर या मापाने मोजू नयेत, हेही खरं. आरोळे पती-पत्नी दोघंही डॉक्टर, पण जामखेडला 1970पासून त्यांनी गावातल्या बायकांना शिकवून काम त्यांच्यावर सोपवलं. असा हात सोडणारा डॉक्टर मिळत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरला मात्र हे वेगळं शिकावं लागत नाही. पाळी बदलताना मोजून चार्ज द्यायचा, शनिवारी दुपारी स्टोअर बंद व्हायच्या आत इंडेंट, म्हणजे मालाची मागणीचिठ्ठी, टाकायचा, हे तिच्या हातात बसलेलं असतं. गरीब देशांत आरोग्यसेवा देणाऱ्या पार्टनर्स इन हेल्थ या संस्थेने 2015 साली मनोविकारतज्ज्ञ गॅरी गॉटलीब यांना प्रमुख केलं आणि 2019 साली शीला डेव्हिस या नर्सला. त्याआधी पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीत संस्थेचं काम डेव्हिस यांनी सांभाळलं होतं. इबोलात संरक्षक पोशाख चढवून त्या उकाड्यात माणूस तासाभरापलीकडे टिकत नाही. म्हणजे एका पाळीला किती पोशाख, किती हातमोजे, किती माणसं, हाच मोठा हिशेब.

नर्सची लंगडी बाजूही आहे. मंत्रालयात डॉक्टरचा फोन जितक्या लवकर उचलला जातो तितका तिचा नाही, आणि परकीय चलनासाठी तिच्या जोडीला खमका वित्तप्रमुख लागतोच. संस्थेचं काम नवी औषधं शोधण्याचं असेल तर डॉक्टरकडेच जावं. दुर्लक्षित आजारांवर औषधं शोधणाऱ्या डीएनडीआय या संस्थेचे पहिले प्रमुख बर्नार पेकूल डॉक्टरच होते. औषध माणसांपर्यंत पोचवण्याचं काम असेल, तर मी तिसरा अर्ज वर काढीन.

अजून खात्री नसेल तर मुलाखतीत तिघांपुढे एकच स्टॉक कार्ड, म्हणजे एका औषधाच्या साठ्याची नोंद, ठेवा. तीन महिन्यांचा खप: 400, 380, 0. मासिक गरज किती, एवढंच विचारा. बेरजेला तीनने भागणारा 260 सांगेल आणि त्या आकड्यावर ऑर्डर दिली तर पुन्हा तुटवडा पडेल. तिसऱ्या महिन्यात कपाटात माल होता का, हे आधी विचारून, नव्हता म्हटल्यावर उरलेल्या दोन महिन्यांची सरासरी 390 सांगणारा कोण निघतो, ते पाहा.