थॉनी: लूप एकेक पायरीने उलगडून दाखवणारा एडिटर

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचा श्रीगणेशा करणाऱ्यासाठी थॉनीइतका कामाचा एडिटर दुसरा नाही. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेला, फुकट, आणि इन्स्टॉल केला की पायथॉनही सोबतच येतो. एकदा उतरवून घेतला की नेट लागत नाही. पावसाळ्यात राजापूर-देवगडकडे रेंज गेली तरी सराव अडत नाही, ही आपल्याकडे मोठीच सोय.

खरी ताकद आहे ती डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राम एकेक पायरीने चालवून चूक दाखवणाऱ्या सोयीत. समजा हापूसची प्रतवारी करायची आहे: 250 ग्रॅम आणि वर मोठा, 200 आणि वर मध्यम, बाकी लहान. नवशिका हमखास इफमध्ये (जर) 200 ची अट घालतो आणि एलिफमध्ये (नाहीतर जर) 250 ची. एरर येत नाही, फक्त 265 ग्रॅमचा आंबा मध्यम ठरतो. आता कंट्रोल-एफ5 ने प्रोग्राम सुरू करा आणि एफ7 दाबत जा. अटीतल्या 'वजन' या नावाच्या जागी 265 येतो, मग अख्ख्या अटीच्या जागी ट्रू, म्हणजे खरी. पहिलीच अट खरी ठरल्यावर एलिफची पाळीच येत नाही. मोठा आकडा आधी का तपासायचा, ते डोळ्यांना दिसतं.

लूपमधली, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागातली, एक चूक तर यापेक्षा फसवी. यादी 190, 180, 260. त्यातले 200 च्या आतले काढायला फॉर लूप चालू असतानाच त्याच यादीवर रिमूव्ह (काढून टाकण्याची आज्ञा) चालवला, तर 180 तसाच राहतो. 'व्ह्यू' मेनूतून व्हेरिएबल्सची (नाव दिलेल्या किमतींची) खिडकी उघडी ठेवा: 190 गेला की 180 पहिल्या जागी सरकतो, लूप मात्र दुसऱ्या जागेवर पोचतो, म्हणजे थेट 260 वर. यावर सोपा उपाय म्हणजे हवे ते आंबे नव्या यादीत घालत जायचे, जुनीला हात लावायचा नाही.

व्हाइलमध्ये (अट खरी असेपर्यंत चालणाऱ्या लूपमध्ये) मोजणी वाढवायला विसरलात आणि प्रोग्राम थांबेना, तर लाल स्टॉप बटण आहेच.

उणीव एवढीच की 500 नोंदींच्या लूपमध्ये एफ7 दाबत बसणं शक्य नाही. चार-पाच आकड्यांवर तपासा, आणि समजलेली ओळ एफ6 ने एका दमात ओलांडा. अनेक फायलींच्या मोठ्या कामाला थॉनी तोकडा पडतो. तिथे दुसरा एडिटर घ्या. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये प्रत्येक मशीनवर हाच हवा.