पुण्यातलं ईटिंग डिसऑर्डरचं क्लिनिक, ४ स्टार

बुलिमियासाठी (भसाभसा खायचं नि मग वजनाच्या भीतीने उलट्या वगैरे करायच्या, तो आजार) जातेय. आल्या आल्या पोटॅशियम आणि ईसीजी करायला लावला, कारण सारख्या उलट्या केल्या की पोटॅशियम घसरतं नि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आईने शोधलेल्या आधीच्या डाएटिशियनने तर उलट्यांबद्दल विचारलंही नव्हतं. इथे काट्यावर पाठ करून उभं करतात, आकडा दाखवत नाहीत, आणि दर ३-४ तासांनी खायचंच, भूक असो नसो. आई म्हणाली "साखरपुड्यापर्यंत तरी भात बंद ठेवा ना हिचा", मॅडमनी तिलाच बाहेर बसवलं, मग तिचं वेगळं सेशन घेतलं (घरचा काटा माळ्यावर गेलाय, पण पोळ्या मोजणं चालूच आहे तिचं). एक स्टार कापला कारण फी झेपत नाही आणि रिसेप्शनवरच्या ताई "बारीक झालीस गं" म्हणतात, निदान तिथे तरी नको ना!