पंख्याची चूल घेतली, सहा महिने वापरली, पाचात अडीच स्टार

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेले होते तेव्हा एका दुकानातून आईसाठी ती बारक्या पंख्याची चूल घेतली, खाली बॅटरी असते, मोबाईलच्या चार्जरने चार्ज होते. घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. गॅस आहे हो घरात, कितीतरी वर्षं आहे, पण तो चहाला आणि पाहुण्यांना. उकड्या तांदळाची पेज आणि न्हाणीचं पाणी चुलीवरच, कारण माडाची सुकी चुडतं, करवंट्या, काजूची लाकडं परसात फुकट आणि सिलिंडर काही फुकट येत नाही.

घ्यायचं कारण आईचा खोकला. जन्मात विडी ओढली नाही बाई, तरी डॉक्टरांनी ती नळीत फुंकायची टेस्ट करून सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, सांगितलं आणि आधी विचारलं काय तर घरात चूल पेटते का. चाळीस वर्षं फुंकणी फुंकली, आता डॉक्टर फुंकायला लावतो म्हणून ती हसली, मला काही हसू आलं नाही. मग वाचत बसले. डब्ल्यूएचओ म्हणतं घरातल्या स्वयंपाकाच्या धुरामुळे 2020 मध्ये जगात अंदाजे 32 लाख माणसं गेली, आणि ती फक्त फुफ्फुसाने नाही, हार्ट अटॅक, स्ट्रोक, लहान पोरांचा न्युमोनिया, सगळंच त्यात. मोतीबिंदूचाही धोका वाढतो, आणि आईचा एक डोळा झालाय ऑपरेशन करून.

आता चुलीचं. एकदा पेटली की खरंच मस्त जळते, डोळे चुरचुरत नाहीत, लाकूड पण कमी लागतं. पण पेटवताना पहिली पाच मिनिटं तोच धूर. लाकडं कोयत्याने वीतवीत कापावी लागतात, साठीच्या बाईने ते कधी करायचं? न्हाणीचं भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, वर बसतच नाही. आणि निखारे उरत नाहीत, पंखा सगळं जाळून राख करतो, म्हणजे बांगडा भाजायचा कशावर! आई म्हणाली, "अगो, ही चूल आहे की मिक्सर?" जूनमध्ये लाकडं दमट झाली तसा धूर परत सुरू.

भाच्याने हवा मोजायचा स्वस्तातला मीटर आणलेला, तो जुन्या चुलीजवळ 999 वर जाऊन अडकला, पुढे आकडाच नाही त्याच्यात. नव्या चुलीला दीड-दोनशे. मी खूश झाले, पण पीएम 2.5 साठी, म्हणजे मीटर मोजतो त्या धुरातल्या अगदी बारीक कणांसाठी, आपल्या सरकारची चोवीस तासांची मर्यादा एक घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅम आहे आणि डब्ल्यूएचओची 15. आता मीटरचा आकडा त्या घडीचा आणि मर्यादा दिवसभराच्या सरासरीची, तरी रोज दोन वेळा तासतासभर तिथेच बसायचं म्हणजे काय ते कळतंच. आणि धूर अर्धा झाला म्हणून आजार अर्धा होत नाही, हे दुकानदार सांगत नाही. बॉक्सवर मात्र ठळक अक्षरात "धूरमुक्त". डोळ्यांना दिसत नाही एवढंच. कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तर तसाही दिसत नाही, त्यामुळे पावसात दार लावून आत पेटवायची हिंमत करू नका.

बंद स्वयंपाकघरासाठी घेत असाल तर नको, त्या पैशात गॅसचे दोन-तीन सिलिंडर भरा. उघड्यावर पाणी तापवायला ठीक आहे, आमची आता मागच्या पडवीत असते, भाणाच्या जागी टोप. पेज गॅसवर. आई म्हणते चव गेली, रोज म्हणते.