स्पेक्ट्रा एस १: मोटर दणकट, पण सगळा जीव पांढऱ्या व्हॉल्व्हमध्ये

बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल किंवा रजा संपून ऑफिसात रोज दोन-तीन वेळा दूध काढावं लागणार असेल, तर स्पेक्ट्रा एस १ डोळे झाकून घ्यावा असा पंप आहे. पंधरवड्यातून एकदा लग्नाला जाताना बाटलीभर दूध काढून ठेवायचं असेल तर घेऊ नका. तेवढ्यासाठी हाताने दूध काढायला शिकणं किंवा साधा हातपंप पुरतो.

हे कोरियन कंपनीचं निळं, वर हँडल असलेलं यंत्र आहे. वजन साधारण दीड किलो. टेबलावर ठेवून एकाच वेळी दोन्ही बाजूंनी दूध काढता येतं. याचाच गुलाबी भाऊ एस २. त्यात बॅटरी नाही, बाकी काम तेच. जिथे वीज जाते किंवा ऑफिसात मिळालेल्या खोलीत सॉकेट नाही, तिथे निळाच घ्यावा. पूर्ण चार्ज केला की सुमारे ३ तास चालतो. परदेशातून कुणी आणून देणार असेल तर अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट छापलंय का ते आधी बघायला सांगा.

खोक्यावरच्या ‘हॉस्पिटल ग्रेड’ या शब्दांवर भाळू नका. अमेरिकेच्या एफडीएकडे (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे) या शब्दांची अधिकृत व्याख्या नाही. खरी जमेची बाजू दुसरीच आहे. नळी आणि फ्लँज (स्तनावर लावायचं नरसाळं) यांच्यामध्ये एक गोल डबी बसते, बॅकफ्लो प्रोटेक्टर. आत सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. मोटरची हवा पडद्याच्या एका बाजूला, दूध दुसऱ्या बाजूला. मोटर पडदा मागे-पुढे हलवते आणि त्यानेच खेच तयार होते. पडदा धड असेल तर दूध नळीत किंवा मोटरमध्ये जात नाही, आणि आतली बुरशी बाळाच्या दुधापर्यंत पोचायची भीती राहत नाही.

सोबत येणारे फ्लँज २४ आणि २८ मिमीचे असतात आणि बऱ्याच जणींना दोन्ही मोठे होतात. पंप करण्याआधी स्तनाग्राची बुडाशी रुंदी मिमीच्या पट्टीने मोजा. फ्लँजचं भोक त्याहून फार तर दोन-तीन मिमी मोठं असावं. माप १६ आलं तर २४चा फ्लँज नळकांड्यात स्तनाग्राभोवतीचा काळा भागही ओढून घेणार. मग दुखणार, सूज येणार आणि दूध कमी निघणार. अशा वेळी १७, १९ किंवा २१ मिमीचे सिलिकॉन इन्सर्ट मिळतात, ते आत बसवावेत. स्तनाग्र कडेला न घासता सरळ पुढे-मागे होत असेल तर माप बरोबर.

वापरताना बहुतेक जणी एक चूक करतात. सुरू करतात आणि खेच थेट ९-१० वर नेतात. पान्हा ताकदीने फुटत नाही. तीन लहरींचं चिन्ह असलेलं बटण दाबा, हा मसाज मोड. स्क्रीनवर ७० दिसेल, म्हणजे मिनिटाला ७० झटपट, हलके झटके. खेच २ किंवा ३ ठेवा. मिनिट-दोन मिनिटांत धारा लागल्या की तेच बटण पुन्हा दाबून मुख्य मोडवर या. तिथे वेग ३८ ते ५४ आणि खेच १ ते १२. ५४ने सुरुवात करून धार संथ झाली की ३८ला आणा. खेच दुखेल त्याच्या एक पायरी खाली ठेवायची, मग ती ४ असो वा ८. दहाव्या मिनिटाला पुन्हा मसाज मोड लावला तर अनेकदा दुसरा पान्हा येतो. एका वेळी १५-२० मिनिटं पुरेत. अर्ध्या तासाने यंत्र आपोआप बंद होतं.

आता मुख्य तक्रार: “पंप आधी छान खेचायचा, आता नुसता आवाज करतो.” यात मोटर क्वचितच बिघडलेली असते. आधी नळ्या काढा आणि यंत्राच्या दोन्ही तोंडांवर बोटं दाबून पंप सुरू करा. बोटाला जोरात ओढ लागली तर मोटर ठणठणीत आहे, दोष पुढच्या भागांत. एकाच बाजूने काढताना दुसरं तोंड उघडं राहिलं तरी खेच जाते, हेही तपासा.

मग बाटलीच्या तोंडाशी लोंबणारा पांढरा डकबिल व्हॉल्व्ह उजेडासमोर धरा. बदकाच्या चोचीसारख्या टोकाला चीर असते. ती मिटलेली हवी. चिरेतून प्रकाशाची रेघ दिसली किंवा कडेला बारीक फाटलेलं दिसलं, तर तो गेला. दिवसातून चार-पाच वेळा पंप करणाऱ्यांनी दर महिना-दीड महिन्याने तो बदलावा. हा व्हॉल्व्ह ब्रश घालून कधीही घासू नका, चीर रुंदावते. साबणाच्या पाण्यात बुडवून दोन बोटांनी हलकेच दाबला की स्वच्छ होतो.

व्हॉल्व्ह ठीक असेल तर डबी उघडा. पडदा तळापर्यंत दाबून बसवला आहे का, कडा मुडपलेली नाही ना, भोक पडलेलं नाही ना ते बघा. डबीचे दोन भाग घट्ट बसले पाहिजेत. धुतल्यावर आत पाण्याचा थेंब राहिला तरी खेच कमी होऊ शकते. त्यामुळे सकाळी घाईत ओली डबी लावून निघू नका, दुसरी कोरडी जोडी हाताशी ठेवा. शेवटी नळीची टोकं: रोज ओढून ओढून सैल होतात, आणि सैल टोकातून हवा गळते.

धुण्याची पद्धत साधी आहे, पण क्रम पाळावा लागतो. दूध लागलेले भाग आधी गार किंवा कोमट वाहत्या पाण्याखाली धरा, कारण एकदम कढत पाणी टाकलं तर दूध चिकटून बसतं. मग वेगळ्या पातेल्यात गरम पाणी, थोडा भांडी धुण्याचा लिक्विड साबण आणि याच कामाचा ब्रश. सिंकमध्ये थेट ठेवायचं नाही, तिथे खरकट्याचे जंतू असतात. स्वच्छ कापडावर पसरून हवेवर वाळू द्या, पुसू नका. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान, अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर रोज एकदा ५ मिनिटं उकळा. पातेल्याच्या तळाशी स्टीलची जाळी ठेवा, नाहीतर फ्लँज तळाला टेकून वाकडा होतो. बोअरच्या जड पाण्याने पांढरा थर चढतो. त्यासाठी पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास बुडवा आणि पुन्हा धुवा.

नळ्या धुवायच्याही नाहीत आणि उकळायच्याही नाहीत. आत वाफेचे थेंब दिसले तर नळ्या फ्लँजपासून सोडवून पंप दोन-तीन मिनिटं तसाच चालू ठेवा, कोरड्या होतात. नळीत दूध शिरलं असेल किंवा काळे ठिपके दिसले, तर ती फेकून नवी घ्या. आणि पडदाही तपासा, कारण दूध शिरलं ते कुठून तरीच.

काढलेलं दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस टिकतं. मे महिन्यातल्या अकोल्या-नागपुरात खोली २५ अंशांवर कुठली? तिथे बाटली लगेच फ्रिजमध्ये, नाहीतर गोठवलेल्या आइस पॅकसह थर्मल पिशवीत. पिशवीत ते २४ तास राहतं.

छातीत लाल, गरम, दुखरी गाठ आणि ताप असेल तर खेच वाढवून गाठ मोकळी करायच्या फंदात पडू नका, डॉक्टरांकडे जा.

पंप घेतानाच डकबिल व्हॉल्व्हच्या दोन जोड्या आणि प्रोटेक्टरची एक जोडी मागवून ठेवा. व्हॉल्व्ह रविवारी रात्री फाटतो आणि सोमवारी सकाळी ऑफिसला निघायचं असतं.