पीओएल की क्यूसीसी? ट्रेलरच्या प्रोपेन जोडणीत काय निवडावं

अमेरिकेत जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला की पुढच्या दांड्यावर दोन प्रोपेन सिलिंडर बसलेले असतात. त्यांच्या नळ्या शेवटच्या कधी बदलल्या, हे विकणाऱ्यालाही आठवत नसतं. नळ्या बदलायच्याच आहेत तर दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: टोकाला नट कोणता आणि रेग्युलेटर कसला. आपला हात भारतातल्या 14.2 किलोच्या सिलिंडरला सरावलेला. रेग्युलेटर वरून खटकन बसवला की झालं. इथे आटे आवळायचे असतात.

जुन्या पद्धतीचा पीओएल म्हणजे पितळी, उलट्या आट्यांचा नट. डावीकडे फिरवला की घट्ट होतो आणि त्याला पाना लागतो. पहिल्या वेळी मी त्याला दहा मिनिटं उजवीकडे आवळत बसलो होतो. क्यूसीसीचा प्लास्टिकचा मोठा नट मात्र सुलट्या आट्यांचा. तो हातानेच आवळायचा, पाना लावायचा नाही. नीट बसल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडला तरी गॅस येत नाही, नळी फुटली तर प्रवाह अगदी थोडा होतो, आणि आगीच्या उष्णतेने प्लास्टिक वितळलं की गॅस थांबतो. उष्णतेने बंद होण्याची ही सोय पीओएलमध्ये नाही. माझ्या मते इथे वादाला जागाच नाही: क्यूसीसी घ्या. तिकोनी मुठीच्या आजच्या सिलिंडरवर दोन्ही बसतात, बाहेरच्या आट्यांवर क्यूसीसी आणि आतल्या आट्यांत पीओएल, त्यामुळे सिलिंडर बदलावा लागत नाही. या दोन्ही नटांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिथे सील आट्यांनी होत नाही.

नटाचा रंगही बघा. काळा साधारण ताशी 1 लाख बीटीयूपर्यंत (बीटीयू म्हणजे उष्णतेचं एकक), हिरवा 2 लाखांपर्यंत. हीटर, गिझर आणि शेगडी एकदम चालू असली तरी लहान ट्रेलर सहसा लाखाच्या आत राहतो. तरीही मी हिरवाच घेतला.

क्यूसीसीची एक खोड आहे. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की त्याला गळती वाटते आणि प्रवाह अडतो. मग शेगडी मिणमिणते आणि आपण रेग्युलेटरला शिव्या घालतो. शेगडी, हीटर, सिलिंडर सगळं बंद करायचं, मिनिटभर थांबायचं आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा.

आता रेग्युलेटर. तो दोन प्रकारचा: एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर हाताने बदलायचा आणि आपोआप बदलणारा. दोन टप्प्यांत दाब उतरवून आत सुमारे 11 इंच पाण्याच्या स्तंभाइतका ठेवणं हे दोन्हींचं काम सारखंच. फरक सिलिंडर संपल्यावर कळतो. हाताने बदलायच्या प्रकारात रात्री तीनला हीटर बंद पडतो आणि कोणीतरी जॅकेट चढवून बाहेर जातं. आपोआप बदलणारा दुसऱ्या सिलिंडरवर जातो आणि त्याची खूण लाल होते. पण ही खूण रोज कोण बघतं? दोन्ही व्हॉल्व्ह उघडे ठेवले तर पहिला संपल्याचं कळतच नाही, आणि दुसराही संपला की रानात अडकलात. थंडीत फिरत असाल तर आपोआप बदलणारा घ्या. फक्त उन्हाळ्यात जात असाल तर साधाच बरा, दुसरा मुद्दाम बंद ठेवला की संपल्याचं आपसूक कळतं. रिकामा काढताना आधी त्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, रेग्युलेटरची दांडी भरलेल्या सिलिंडरकडे वळवायची आणि मगच नट सोडायचा.

सिलिंडर 20 की 30 पौंडी (हा आकडा आतल्या गॅसचा), हा प्रश्न पाठीचा आहे. भरलेला 20 पौंडी साधारण 37 पौंडांचा असतो, 30 पौंडी सुमारे 55 चा. दुकानातल्या पिंजऱ्यातून अदलाबदलीने 20 पौंडीच मिळतो, आणि तोही अनेकदा 15 पौंडच भरलेला.

जोडून झालं की साबणाचं पाणी. डब्यात फेस करून ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावा, व्हॉल्व्ह हळू उघडा आणि बघत बसा. माझ्या नव्या नळीच्या रेग्युलेटरकडच्या टोकाला मोहरीएवढा बुडबुडा हळूहळू वाटाण्याएवढा झाला. व्हॉल्व्ह बंद करून पान्याने पाव फेरा आवळला, पुन्हा फेस लावला. या वेळी काही हललं नाही.