नागपूरवरून लाँग हॉल (लांबचा विमानप्रवास): महाराजा क्लब की प्रिव्हिलेज क्लब?
ऑफिसच्या कामाने सारखं युरोप-अमेरिका करणाऱ्याने विमान कंपनीचं पॉइंटवालं कार्ड कोणतं धरावं? एअर इंडियाचं महाराजा क्लब घेतलं तर स्टार अलायन्स हा विमान कंपन्यांचा गट मिळतो, म्हणजे लुफ्थान्सा, युनायटेडवरही पॉइंट जमतात अन् एकदा गोल्ड हा वरचा दर्जा मिळाला की इकॉनॉमीत बसूनही लाउंज आणि एक्स्ट्रा बॅग. पण सोनेगाव विमानतळावरून आधी दिल्ली नाहीतर मुंबई गाठा, हीच कटकट. प्रिव्हिलेज क्लबवाल्या कतार एअरवेजचं नागपूर-दोहा विमान थेट आहे ना बावा, इमिग्रेशन इथंच उरकतं, शिवाय २०२२ पासून त्यांचे पॉइंट म्हणजे एव्हिऑस, ते ब्रिटिश एअरवेजच्या खात्यात हलवता येतात. तिकीट कंपनी काढते, पॉइंट मात्र आपले! मी कतार धरलंय, संत्रा बर्फीचा डबा नागपुरात दिला की डायरेक्ट लंडनच्या बेल्टवर घेतो.